स्टेपनी, सोल्युशन आणि हिरवं पाणी

‘स्टेपनी’ हा शब्द इंग्रजी आहे खरा, पण आजच्या एखाद्या इंग्रज माणसापुढे तो म्हणून बघा. बहुतेकांना काहीच बोध होणार नाही. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी एक जादा चाक काढलं. त्याला आरे नव्हते. नुसती कड, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि पंक्चर झालेल्या चाकाला ते बाजूने आवळून बसवायचं. तोवर मोटारी जादा चाकाशिवायच यायच्या. पुढे कारखान्यातूनच मोटारीबरोबर जादा चाक मिळायला लागलं आणि तिकडे हा शब्द मागे पडला. आपल्याकडे मात्र तो असा रुजला की टेम्पोवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे तोच वापरतात.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे टायरमध्ये घालायचं लिक्विड. हल्ली सातारा-सांगलीकडे टायरच्या दुकानात मोटारसायकल लावली की विचारतात, "लिक्विड टाकायचं का?" हिरवट, बुळबुळीत, तारेसारखं ताणलं जाणारं ते पाणी. त्याने पंक्चर आपोआप बुजतं, शिवाय चाकाचं बॅलन्सिंगही होतं, असं सांगतात. यातलं खरं किती हे बघायला गेलो आणि वाचता वाचता सव्वाशे वर्षं मागे जाऊन पोचलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पंक्चरचा इतिहास हा खरं तर एकटं माणूस घरापासून किती लांब जाऊ शकतं, आणि कोणतं माणूस जाऊ शकतं, याचाच इतिहास आहे.

आधी आमच्या मुलखाबद्दल थोडं. सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. त्या वर्षी उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले, आणि दक्षिण सातारचं नाव १९६० साली सांगली पडलं. जिल्हे दोन झाले तरी रस्त्याचा स्वभाव सारखाच राहिला. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा, तिथे बाभळीचा काटा. मधे कृष्णाकाठचा ऊस. गळिताच्या हंगामात कारखान्यांकडे बैलगाड्यांची रांग लागली की बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्यांचे खिळे रस्त्यावर गळून पडायचे. (पत्री म्हटलं की आमच्याकडे १९४३ चं पत्री सरकार आधी आठवतं, ते नाव ह्याच पत्रीवरून पडलं असं सांगतात. पण तो वेगळा विषय.) पश्चिमेला घाट, म्हणजे दगड. थोडक्यात, पंक्चरला लागणारा सगळा माल इथे मुबलक.

मुळात पंक्चर होण्यासाठी चाकात हवा असावी लागते, आणि ही हवा तशी अलीकडची. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी लावली, आणि तिथून हवेचं चाक खऱ्या अर्थाने चालू लागलं.

आता योगायोग बघा. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात मोजतो तीही १८८८ पासूनच, आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातलं सायकलचं दुकान! लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू सायकली विकायचे आणि गिऱ्हाइकाला त्या चालवायलाही शिकवायचे. पुढे लोखंडी नांगर आला, औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळची माळरानाची जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. आमच्या भागातली कारखानदारी सायकलच्या चाकावर बसून आली म्हटलं तरी चालेल.

भरीव रबराची सायकल हाडं खिळखिळी करायची, पण ती कधी वाटेत बसली नाही. हवेने सुख दिलं आणि सुखाबरोबर पंक्चर दिलं. मात्र सायकलच्या बाबतीत त्यावरचा इलाजही चालवणाऱ्याच्या हातातला होता. ट्यूब बाहेर काढायची, पंप मारायचा, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. तिथे काणस घासायची, सोल्युशन लावायचं, ते थोडं सुकू द्यायचं (इथेच सगळ्यांची घाई होते) आणि ठिगळ दाबून बसवायचं. दहा-बारा वर्षांच्या पोरालाही जमायचं. आणि नाहीच जमलं तर सायकल हलकी असते, ढकलत घरी आणता येते. म्हणून सायकलने माणसाला लांब नेलं, पण सहसा चालत परत येता येईल इतकंच लांब.

त्याच्या पलीकडे नेलं स्कूटरने, आणि इथे सातारची गोष्ट सुरू होते. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना साताऱ्याच्या एमआयडीसीत आणि तिची स्कूटर म्हणजे ‘प्रिया’. ज्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची पद्धत होती, त्या काळात आपल्या गावात स्कूटर बनते याचा सातारकरांना केवढा अभिमान!

प्रियाचा घाट मूळचा व्हेस्पाचा. इटलीत १९४६ साली व्हेस्पा आली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा विमानं-हेलिकॉप्टरवाला इंजिनियर, आणि त्याला मोटारसायकल मुळीच आवडायची नाही. मोटारसायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, त्यामुळे पंक्चर झालं की ते काढणं म्हणजे उपद्व्याप. त्याने पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. बाजूचे नट सोडले की चाक हातात. वर चाकाची कडही दोन भागांत, म्हणजे टायर काढायला फार झटापट नको. पुढचं, मागचं आणि स्टेपनी, तिन्ही चाकं सारखी. एक पाना आणि पंधरा मिनिटं असली की गाडी पुन्हा रस्त्यावर. पंक्चर होणार हे गृहीत धरून आखलेलं असं दुसरं दुचाकी वाहन माझ्या पाहण्यात नाही.

मग मोटारसायकल आली. म्हणजे ती आधीही होती, पण गावोगाव पोचली ती १९८५ च्या हिरो होंडानंतर. कमी पेट्रोल, मोठी चाकं, खराब रस्त्यावर चांगली पकड. दोन बाजूंना दुधाचे कॅन लावून डेअरीला जायला हिच्यासारखी सोय नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. साताऱ्यातलं स्कूटर बनवणंही पुढच्या दशकात थांबलं. कंपनी आहे, नावात स्कूटर्स आहे, स्कूटर नाही.

या बदलात एक गोष्ट मात्र गुपचूप हातातून गेली, ती म्हणजे स्टेपनी. मोटारसायकलला जादा चाक लावायला जागाच नाही. मागचं चाक काढायचं तर चेन आली, ब्रेक आला. तारांच्या चाकात ट्यूबला भोक पडलं की हवा तारांच्या भोकांतून भसकन निघून जाते. गाडीचं वजन शंभर किलोच्या वर. म्हणजे सायकलसारखी ढकलणं अवघड आणि स्कूटरसारखं चाक बदलणं अशक्य! सायकलवाल्याचं कौशल्य गेलं, स्कूटरवाल्याची तयारी गेली, आणि तिसऱ्याच माणसावर भिस्त आली. रस्त्याच्या कडेला खांबाला जुना टायर टांगलेला दिसला की त्याचं दुकान. आमच्या महामार्गावर अशी कितीतरी दुकानं केरळहून आलेल्या लोकांनी चालवली. पण हे दुकान दिवसा, मोठ्या रस्त्यावर आणि गाव जवळ असेल तरच सापडतं.

आता आमच्या आत्याचं सांगतो. ती खटाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वडूजला राहायची आणि आत एका वाडीवरच्या शाळेत जायची. एसटी वाडीपर्यंत जायची नाही, फाट्यावर सोडायची. तिथून चालत, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. लुना १९७२ पासून बाजारात होती आणि वडूजसारख्या गावात बायका ती चालवायच्याही. पण आत्याला लुना घेऊन द्यायचा विषय निघाला की घरात एकच वाक्य ऐकू यायचं, "आणि मधेच पंक्चर झाली तर?" फाटा ते वाडी दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ. दिवसातून चार माणसं भेटली तर भेटली. घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. पण त्या एका प्रश्नावर एका नोकरी करणाऱ्या बाईची वीस वर्षं फाट्यावर वाट बघण्यात गेली, हेही खरं आहे. असा प्रश्न तिच्या एकटीच्याच घरात विचारला गेला असेल असं मला वाटत नाही. नर्सबाई, अंगणवाडी सेविका, पोस्टातल्या बाई, कुणालाही विचारून बघा.

२००१ साली होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली आणि तिच्या जाहिरातींतून ‘टफ-अप ट्यूब’ हा शब्द ऐकू यायला लागला. ही ट्यूब दुपदरी असते आणि तिच्या पदरात बुजवणारं लिक्विड भरलेलं असतं. काटा घुसला की लिक्विड भोकात शिरून बसतं. त्यानंतर ट्यूबलेस टायर आले. २००७ च्या सुमारास पल्सरच्या मोठ्या गाड्यांवर दिसले, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत साध्या स्कूटरपर्यंत पोचले. ट्यूबलेसमध्ये खिळा रबरात रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते. सहसा पुढच्या गावापर्यंत पोचता येतं. ज्यांना त्याहून जास्त भरवसा हवा त्यांच्यासाठी मग बाटलीतलं लिक्विड.

आत्याने अ‍ॅक्टिव्हा घेतली ती निवृत्तीला आठ वर्षं राहिली असताना. घरातला जुना प्रश्न याही वेळी निघाला. "त्याचं त्याचं बुजतं म्हणे आता," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन शाळेत गेली. स्टेपनीने जे तिच्यासाठी केलं नव्हतं ते या पावशेर पाण्याने केलं. म्हणजे धाडस तिचंच, लिक्विडने फक्त घरातल्यांचं तोंड बंद केलं.

हे लिक्विड काम कसं करतं? ते बहुधा ग्लायकोल आणि पाणी यांचं दाट मिश्रण असतं. त्यात बारीक तंतू आणि काहींत रबराचा चुरा. मोटारसायकलच्या एका टायरला साधारण २०० ते ३५० मिली पुरतं. व्हॉल्व्हची पिन काढून ते आत पिळायचं. चाक फिरायला लागलं की ते टायरच्या आतल्या बाजूने, जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या मागे पसरतं. भोक पडलं की हवा बाहेर धावते, तिच्याबरोबर तंतू भोकात ओढले जातात आणि एकमेकांत अडकून बूच बसतं. अगदी नाल्याच्या मोरीत पाचट अडकतं तसं. स्वतःच स्वतःचं भोक बुजवायची कल्पना तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पेट्रोलच्या टाक्यांना असं रबराचं अस्तर असायचं, की गोळी लागून पेट्रोल झिरपलं की रबर फुगून भोक बंद व्हायचं.

मर्यादाही याच कामाच्या पद्धतीतून येतात. लिक्विड तळव्याच्या भागात असतं, त्यामुळे टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही. काटा किंवा खिळा चालतो, पत्र्याने चिरलं तर नाही. साध्या ट्यूबमध्येही भरवसा कमी, कारण ताणलेली ट्यूब भोक पडल्यावर उसवत जाते. काही वर्षांत लिक्विड सुकतं, गोळे होतात, कधी व्हॉल्व्हच तुंबतो.

आता बॅलन्सिंगचं. चाकाची एक बाजू थोडी जड असली की वेगात हँडलला थरथर जाणवते. रीतसर उपाय म्हणजे चाकाच्या हलक्या बाजूला वजन लावणं. आत मोकळं खेळणारं पाणी किंवा बारीक गोट्या आपोआप हलक्या बाजूला जाऊन तोल साधतात, हा दावा पूर्ण खोटा नाही. कपडे धुण्याच्या मशीनच्या टबाला वर जी कडी असते तिच्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं, ते हेच काम करतं. पण त्याला एक अट आहे. फिरण्याचा वेग त्या वस्तूच्या स्वतःच्या हिंदकळण्याच्या वेगाहून जास्त पाहिजे. त्याहून कमी असेल तर पाणी उलट जड बाजूकडेच जातं.

आपल्या गाडीचा ढोबळ हिशेब करू. १७ इंची चाकाचा टायरसकट घेर सुमारे १.९ मीटर. ताशी ६० किमीला ते सेकंदाला जेमतेम ९ फेरे घेतं. आणि चाक सस्पेन्शनवर हिंदकळतं ते सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा. म्हणजे वडूज-पुसेगाव किंवा तासगाव-विटा रस्त्यावर आपण ज्या वेगाने जातो, त्या वेगात लिक्विडकडून बॅलन्सिंगची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. त्यातून ते दाट आणि तंतूंनी भरलेलं, चटकन हलणारही नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की ते तळाशी साठतं आणि सकाळी पहिला काही वेळ चाकच उडल्यासारखं वाटतं, हा अनुभव अनेकांना असेल. तेव्हा भोकासाठी लिक्विड आणि तोलासाठी वजन, असं माझ्यापुरतं मी ठरवलं आहे.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ती समजली कराडजवळ महामार्गावरच्या एका पंक्चरवाल्याकडे. साठीच्या पुढचे गृहस्थ. टायर उतरवायच्या आधी त्यांनी विचारलं, "लिक्विड टाकलंय का ह्यात?"

"हो मामा, टाकलंय."

"मग आधी सगळं पुसाय लागतंय बघा. वल्यावर प्याच बसत न्हाई." पुसता पुसता त्यांनी टायर उजेडात धरला. एक सोडून तीन खिळे! "ह्यो आजचा. ही दोन कवाची हायती कुणास ठाऊक. पूर्वी माणूस खिळा लागला की थांबायचं. आता कळतच न्हाई त्येला."

मामांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सायकलच्या काळात भोक सापडेपर्यंत आपण ट्यूब पाण्यात धरून बसायचो. स्कूटरच्या काळात निदान चाक बदलायला उतरायचो. आता पंक्चर होतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. तोच खिळा आत राहून टायरचे धागे कापत राहतो, बुचाशेजारून थोडी थोडी हवा जात राहते. आणि आपण कमी हवेचं चाक घेऊन महामार्गावर ८० च्या वेगाने जातो. हा रस्ता, तेव्हाचा एनएच ४ आणि आताचा ४८, २००० नंतरच्या दशकात चौपदरी झाला. जुन्या दुपदरी रस्त्यावर पंक्चर म्हणजे खोळंबा होता. आताच्या वेगात, मागे कंटेनर असताना, खंबाटकीच्या उतारावर चाक बसलं तर तो खोळंबा राहत नाही.

म्हणून मला वाटतं, हे हिरवं पाणी म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती सवड आहे. निर्जन रस्त्यावरून माणसांत पोचायला मिळालेली सवड. ती फार मोलाची आहे, विशेषतः ज्यांना त्या रस्त्यावर थांबणं परवडत नाही त्यांना. पण गावात पोचल्यावर ती संपते. तिथे खांबाला टायर टांगलेला दिसला की थांबायचं, खिळा काढून घ्यायचा, आतून पॅच मारून घ्यायचा.

आत्या आता निवृत्त आहे, गाडी अजून चालवते. दर पंधरा दिवसांनी पेट्रोल भरताना हवा तपासून घेते, आणि महिन्यातून एकदा गाडी मुख्य स्टँडवर लावून चाक हाताने फिरवत बोटाने टायर चाचपते. शाळेत पोरांची नखं तपासायची सवय, तीच असं ती म्हणते. बाटलीवरच्या कुठल्याही सूचनेपेक्षा मला हे जास्त शास्त्रशुद्ध वाटतं.

असो. फार लांबलं. जाता जाता घरच्या मंडळींना एक विचारायचं आहे. सातारच्या घरी जी प्रिया होती ती कधीच विकली, पण तिची स्टेपनी माडीवर पडलेली होती असं मला आठवतं. कुणाकडे असेल तर कळवा. भंगारात देऊ नका, एकदा बघायची आहे.